बरणीतली भीती

दातृमंगल प्रतिष्ठानाकडे अनुदान मागायचं तर अर्जासोबत गरज जमा करावी लागते. मूळ गरज. झेरॉक्स चालत नाही.

पूर्वी चालायची. पण लोकांनी लबाडी सुरू केली. एका गावाने शेजारच्या गावाची टंचाई मागून आणली, ती दाखवून टाकी बांधून घेतली आणि परत करताना निम्मीच परत केली. उरलेल्या निम्म्या टंचाईवरून दोन्ही गावांत अजून भांडणं चालू आहेत. तेव्हापासून विश्वस्तांनी नियम केला, की गरज मूळ स्वरूपात, धुतलेल्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून कार्यालयीन वेळेत आणून द्यायची. निकाल लागेपर्यंत ती प्रतिष्ठानाच्या कपाटात राहते. अर्ज नामंजूर झाला तर अर्जदाराला परत मिळते. मंजूर झाला तर तिचं पुढे काय करतात हे कोणी विचारत नाही, कारण ज्याचं काम झालं त्याला ती परत नकोच असते.

शेवंता हांडे हिने लोणच्याची बरणी रिकामी केली, राखेने घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. तरी मेथीचा वास गेला नाही. शेवंता माळवस्तीच्या बचत गटाची अध्यक्ष. झेंडूचा मळा तिचा, भाऊ-भावजयीबरोबर एकत्र राहणं आणि भावाची आठ वर्षांची तनू ही तिच्या जिवाचा तुकडा. वस्तीवरच्या मुलांची शाळा ओढ्यापलीकडे. वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात वाघ.

पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात. इथे वाघच म्हणतात, कारण ज्याच्या शेळीच्या खुंट्याला नुसतं दावंच उरतं, त्याला पुस्तकातला फरक सांगून उपयोग नसतो. वनखात्याने मागे पिंजरा लावला होता आणि एक मादी सापडलीही. पण वाघ काही एकटादुकटा नसतो. उसातच त्यांची बाळंतपणं होतात, उसातच पोरं मोठी होतात. थंडीत शाळा सुटते तेव्हा ओढ्याच्या वळणावर अंधारून येतं. शेवंताचं मागणं साधं होतं: वाटेवर सौर दिवे आणि वळणाला जाळी.

म्हसोबाच्या पारावर मुलं रांगेत उभी राहिली. एकेक पोर पुढे यायचं, बरणीवर वाकायचं आणि आपली भीती आत सोडायचं. कोणाची पातळ होती, कोणाची घट्ट. तनूची जड निघाली. तिने एकदा वळणावर डोळे पाहिले होते. शेवटी शेवंताने स्वतःची घातली, कारण नियमाप्रमाणे लाभार्थ्यांबरोबर अर्जदाराचीही लागते. तिची सगळ्यांत वर बसली. जुनी भीती ती. एका संध्याकाळी हातातलं शेळीचं दावं अचानक हलकं झालं होतं, तेव्हापासूनची. शेवंताने फडकं बांधलं, सुतळीला गाठ मारली आणि एसटीने तालुक्याला गेली.

प्रतिष्ठानाची इमारत नवी आहे. टोमॅटोच्या व्यापाऱ्यांनी आणि मुंबईला जाऊन मोठ्या झालेल्या गावकऱ्यांनी दिलेल्या पैशातून उभी राहिली. शिपाई दिनकरने बरणी उजेडात धरून पाहिली आणि पावती फाडली: "भीती, मिश्र, एक बरणी." अर्ज तपासणाऱ्या प्रणोती मॅडम पुण्याहून शिकून आलेल्या. त्यांनी फडक्याला कान लावला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काकू, किती खरी आहे ही," त्या म्हणाल्या. "हल्ली इतकी शुद्ध येत नाही."

"मग होईल ना काम?"

"प्रक्रियेतून जावं लागेल."

दिनकरने कपाट उघडलं. आत ओळीने बरण्या होत्या. एकीत खडी-क्रशरवरच्या मजुरांचा खोकला होता. त्यांना मास्क हवे होते. खोकला जमा केल्यापासून ते खोकत नाहीत, त्यामुळे ठेकेदाराने दुसरी पाळी सुरू केली आहे, असं दिनकरने सांगितलं. दुसऱ्या बरणीत पेठेतल्या म्हाताऱ्यांचा एकटेपणा होता. तो जमा झाल्यापासून म्हातारे खुशीत होते. कोणी भेटायला आलं तर दारसुद्धा उघडत नव्हते. शेवंताला ते ऐकून कसंसंच वाटायला हवं होतं. पण तिची भीती फडक्याखाली होती. तिने नुसती मान हलवली आणि परतीची एसटी धरली.

त्याच संध्याकाळी मुलं उसात लपंडाव खेळली.

मोठी माणसं घाबरली, कारण त्यांची भीती त्यांच्याकडेच होती. आया हाका मारून मारून दमल्या. पण आयाबापांना पहाटे फुलं तोडायला जावंच लागतं आणि शाळेची वाट मुलांनाच चालावी लागते. मुलं आता रमतगमत यायची. वळणावर थांबून चिंचा पाडायची. आणि एका दिवशी तनू ओढणीत काहीतरी गुंडाळून घेऊन घरी आली.

"मांजर कुठनं आणलंस गं?" शेवंताने विचारलं.

"मांजर नाय आत्या. वाघाचं हाय. आई त्याची तिथंच व्हती, बांधाला. माझ्या मागं मागं आली थोडी."

शेवंताने पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. मऊ होतं. तिने वाटीत दूध काढलं. दोघी जणी ओट्यावर बसून त्याला दूध पाजत होत्या आणि अंगणापलीकडच्या उसात काहीतरी सावकाश हलत होतं. ते त्यांनी पाहिलं. छान वाटलं.

मग शेवंताचा भाऊ शिवाजी घरी आला. त्याने ओट्याकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं. पळत येऊन त्याने पिल्लू उचललं, बांधावर नेऊन ठेवलं, तनूला आणि बहिणीला घरात ढकललं आणि दाराला आतून पाठ लावून तो रडू लागला. मोठा माणूस, ओक्साबोक्शी रडला.

"तुमची डोकी फिरली का गं," तो म्हणत राहिला. "पोरीला खाल्लं असतं तिनं."

शेवंता त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याचं म्हणणं खरं आहे हे तिला कळत होतं. दोन अधिक दोन कळावे तसं कळत होतं. पण पोटात काही हललं नाही. तनूला वाघीण खाणार होती आणि आत्याने वाटीत दूध काढलं होतं. भीतीची जागा रिकामी पडली होती आणि त्या रिकाम्या जागेत त्या रात्री राग येऊन बसला. चांगला ऐसपैस बसला, कारण अडवायला आत कोणी नव्हतं.

सकाळी ती प्रतिष्ठानात गेली.

"लवकर मंजूर करा, न्हाईतर बरणी परत द्या," ती म्हणाली.

प्रणोती मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "काकू, अर्ज मधेच मागे घेतला तर पुन्हा करता येत नाही. आणि स्थळपाहणी व्हायची आहे. ती झाली की लगेच."

"पोरं वाघाची पिल्लं घरी आणायला लागलीत."

"हो का?" मॅडमनी ते लिहून घेतलं. "आपल्या अहवालात निसर्गाशी नातं असा एक रकाना आहे. त्यात घालते."

त्या वाईट नव्हत्या, हेच शेवंताला सोसेना. वाईट माणसाला शिवी देता येते.

स्थळपाहणीला देवळेकर सर आले. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते प्रतिष्ठानाची पाहणी करतात. मान-मरातब आहे, मोटार आहे, चहाबरोबर क्रीमरोल असतो. त्यांनी म्हसोबाच्या पारावर मुलांना गोळा केलं.

"बाळांनो, वाटेने येताना भीती वाटते का?"

"नाय," मुलं एका सुरात म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात नाय."

"बाई, तुम्हाला?"

"मला पण नाय," शेवंता म्हणाली. "कशी वाटंल? ती तुमच्या कपाटात हाय. मीच आणून दिली, पावती हाय माझ्याकडं."

देवळेकर सरांनी चष्मा पुसला. "तो नमुना झाला. नमुन्यावरून गरजेचा दर्जा कळतो. गरज आहे की नाही, हे जागेवर येऊनच पाहावं लागतं. आणि जागेवर ती आढळत नाही."

"तुम्ही घेऊन गेलात म्हणून आढळत नाय."

"आम्ही का नेली, हा या पाहणीचा विषय नाही."

तेवढ्यात तनूने हात वर करून बोट दाखवलं. "सर, त्यो बघा."

पारासमोरच्या बांधावर वाघ बसला होता. भर दिवसा, पुढचे पाय पसरून. मुलं त्याच्याकडे बघून हसली. देवळेकर सर मात्र एका उडीत मोटारीत शिरले आणि त्यांनी काचा वर घेतल्या. काचेच्या आतून त्यांनी अहवाल पूर्ण केला. "गरज आढळली नाही" असं वर लिहिलं आणि खाली शेरा मारला: "लाभार्थी अत्यंत धैर्यवान." काच बोटभर खाली करून त्यांनी त्यावर शेवंताची सही घेतली. मग वाघ उठून गेला आणि गाडीही गेली.

मंडळाच्या बैठकीला अर्जदाराला निकाल ऐकायला बोलावतात. लांबट टेबलाभोवती विश्वस्त बसले होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष नानासाहेब शेटे. त्यांची शीतगृहं आहेत, तालुक्यातला निम्मा टोमॅटो त्यांच्याकडेच गार होतो. त्यांच्यासमोर उभं राहताना माणसं चपला बाहेर काढतात. तसा नियम नाही, पण काढतात. शेवंताने काढल्या नाहीत. तिच्या ते लक्षातच आलं नाही.

"हांडेबाई," नानासाहेब हसत म्हणाले, "अहवाल वाचला. ऊर भरून आला. अशी निर्भय वस्ती तालुक्यात दुसरी नाही."

"दिव्यांचं काय?"

"ज्यांना भीती नाही त्यांना दिवे देणं म्हणजे दात्यांच्या पैशाचा अपव्यय. अर्ज नामंजूर. पण मंडळाने ठरवलंय, तुमचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी. मुलांना वह्या."

विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. प्रणोती मॅडमनीही वाजवल्या, खाली बघून.

एरवी शेवंता काय म्हणाली असती? हात जोडून "बरं साहेब" म्हणाली असती, बाहेर येऊन पदराने तोंड पुसलं असतं आणि घरी जाऊन भांडी आपटली असती. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. पण गरज गोळा करताना एक चूक झाली होती. वाघाची तेवढी भीती घ्यायची आणि माणसांची ठेवायची, असं बरणीत वेगळं करता येत नाही. सगळी एकत्रच येते.

"सत्कार तुमच्या आईचा करा," शेवंता म्हणाली.

तिने खिडकीबाहेर गेटाकडे बोट केलं.

"तुमच्या गेटाला मी दिवे मोजत बसले मघाशी, आणि मोजायचं सोडून दिलं. इथं कुठला वाघ येतो? दातृमंगल म्हणता. लोकांच्या घरातलं दुखणं उचलून आणायचं, फळीवर मांडायचं आणि पाव्हण्यांना दाखवायचं. खोकला काढून घेतला म्हणून ती माणसं धूळ गिळत डबल पाळी करत्यात. आमच्या पोरी वाघिणीच्या तोंडातनं पिल्लू काढून आणत्यात. एखादं पोर गेलं असतं, तर पंचनाम्यात काय लिवलं असतं तुम्ही? धैर्यवान?"

"बाई, भाषा सांभाळा," देवळेकर सर म्हणाले.

"तुम्ही तर काच खाली घ्या आधी."

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला होता, पण बैठक शिस्तीने चालवण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. "दिनकर," ते म्हणाले, "यांचा नमुना परत करा आणि पोच घ्या."

दिनकरने बरणी आणून टेबलावर ठेवली. शेवंताने सुतळीला हात घातला.

तिच्या मनात काय आलं, ते सरळच सांगायला हवं. बरणी उघडून टेबलावर पालथी करावी असं आलं. सगळ्या पोरांची सगळी भीती या लोकांच्या मांडीवर ओतावी, यांना रात्रभर झोप लागू नये, यांनी पोटच्या पोरांना शाळेत पाठवताना दाराला धरून उभं राहावं. गाठ सुटली, फडकं अर्धं वर आलं, मेथीचा वास आला.

पण आत तनूची होती. ती जड भीती, जिच्या जोरावर ते पोर वळणावर धावत सुटायचं आणि जिवंत घरी यायचं. ती इथे सांडली तर तनूला दुसरी कुठून आणायची? दिवे मिळणार नव्हते, जाळी मिळणार नव्हती. पोरांजवळ राखण म्हणून तेवढी एकच वस्तू होती आणि ती या बरणीत होती.

शेवंताची स्वतःची मात्र सगळ्यांत वर होती. आपली भीती हाताला ओळखू येते. तिने दोन बोटांनी ती अलगद उचलली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि बरणीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं.

"ही माझी," ती म्हणाली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

एका बाईची भीती, आणि ती एवढ्या जणांत वाटली गेली. तरी पुरली. आधी एक विश्वस्त हळूच म्हणाले, "मागचं दार लावलंय ना?" मग कोषाध्यक्षांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. नानासाहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मांडी घातली. बाहेर अंधार पडू लागला होता. अंगणातला प्रत्येक दिवा लागलेला होता, पण दिव्यांच्या मधे मधे काळोख होता, आणि तो त्या सगळ्यांना आज पहिल्यांदा दिसला.

देवळेकर सरांनी खिशातून पेन काढलं. आवाज कापत होता, पण काम चोख होतं. "अध्यक्ष महाराज, जागेवर गरज आढळते आहे."

"नोंद घ्या," नानासाहेब म्हणाले.

त्याच बैठकीत तातडीचा ठराव झाला. कार्यालयाच्या आवारात आणखी दिवे, कुंपणाला उंच जाळी, आणि अध्यक्षांच्या बंगल्यापर्यंतच्या रस्त्यावरही तेच. सूचक देवळेकर, अनुमोदक सगळेच. ठराव होईपर्यंत शेवंता दारात उभी होती. मग दिनकरच्या वहीत तिने सही केली: "बरणी परत मिळाली." ती मिळाली होती, थोडी कमी भरलेली. कमी का, ते दिनकरने विचारलं नाही. तो खिडक्या लावत होता.

दुसऱ्या दिवशी म्हसोबाच्या पारावर पुन्हा रांग लागली. शेवंताने एकेकाची भीती एकेकाच्या ओंजळीत घातली. मुलं हसत पुढे यायची आणि चेहरा बदलून मागे जायची. तनूने आपली घेतली, क्षणभर तशीच उभी राहिली, मग बांधाकडे पाहिलं आणि शेवंताच्या कमरेला गच्च मिठी मारली.

"आत्या, मी तिचं पिल्लू आणलं व्हतं," ती म्हणाली. "आत्या, मी आणलं व्हतं."

शिवाजीच्या जिवात जीव आला. आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शेवंता तनूच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि तिला इतकी चीड आली, की डोळ्यांपुढे काही दिसेना. आपल्याच हातांनी पोरांना भीती वाटायची आणि ती वाटता आली म्हणून देवाचे आभार मानायचे, हे काय जगणं झालं? हे तिने पारावर मोठ्याने म्हणूनही दाखवलं.

तेव्हापासून शाळा सुटायच्या वेळी शेवंता ओढ्यापलीकडे जाऊन उभी राहते. पोरं तिच्या मागे एकमेकांचे हात धरून चालतात, नीट घाबरत, उसाकडे बघत, न बोलता. ती पुढे असते. हातात काठी. तिला भीती वाटत नाही, कारण ती तालुक्याला आहे. एक-दोनदा वाघ वाटेतच बसलेला होता. शेवंताने त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. दोन्ही वेळा तोच उठून गेला. वळणावर आलं की लांब क्षितिजाशी एक पांढरा उजेड दिसतो. ते प्रतिष्ठानाचे नवे दिवे. त्या उजेडाच्या दिशेने शेवंता थुंकते आणि पुढे चालू लागते.

पुढच्या अनुदानाच्या वेळी दिनकर सायकलवरून वस्तीवर आला. कोरा अर्ज घेऊनच आला होता. ओट्यावर बसून तो पाणी प्यायला.

"मॅडमनी मुद्दाम पाठवलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, काकूंना पुन्हा करायला सांगा, या वेळी मी बघते. पण नियम थोडा बदललाय. गरजेबरोबर आता राग पण जमा करावा लागतो. मागल्या बैठकीत साहेब लोकांना लई त्रास झाला ना."

"मूळ?"

"मूळच. झेरॉक्स चालत नाय."

शेवंता शेंगा निवडत होती. तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"राग नाय मिळायचा," ती म्हणाली.

"बरणी नाय का? माझ्याकडं हाय एक जादा."

"बरणी हाय. राग वापरात हाय."

दिनकरने थोडा विचार केला. "तसं लिहू का?"

"लिव्हा. वापरात हाय, मोकळा नाय, असं लिव्हा."

त्याने अर्जाच्या पाठीमागे तसं लिहिलं, खाली तारीख घातली आणि शेवंताने सही केली. तोवर ऊन कलंडलं होतं. दिनकर सायकलपाशी गेला, घंटी उगाच एकदा वाजवून पाहिली आणि उसाकडे बघत उभा राहिला. त्याची भीती त्याच्याजवळच होती. प्रतिष्ठान शिपायांना अनुदान देत नाही.

"काकू," तो म्हणाला, "ओढ्यापर्यंत सोडता का?"

शेवंताने सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि पुढे चालू लागली. शाळा सुटायची वेळ झालीच होती.